निरंक

साथरोग: निरंक.
अतिसार: निरंक.
मृत्यू: निरंक.
दर सोमवारी चौऱ्याऐंशी गावांतून
हा एक शब्द माझ्या टेबलावर येतो,
काही गावांचा तर झेरॉक्सच असतो,
फक्त तारीख पेनाने.

पंचायत समितीत सतरा वर्षं झाली
विस्तार अधिकारी, आरोग्य म्हणून.
सासू पाहुण्यांना सांगते, आमची सून पाण्याचे वास घेते.
खोटं नाही.
टीसीएलची गोणी उघडली की नाकालाच कळतं
तीत जीव आहे की नुसता चुना.

बोरखडीला चार वर्षं हिरवं कार्ड.
पाचवं मिळालं की चंदेरी.
सरपंचबाईंच्या नवऱ्यानं फ्रेम आधीच आणलेली,
ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, रिकामी,
मागचा ऑइलपेंट दाखवत.

मी विहीर पाहिली.
जाळी आहे, ओटा आहे, उकिरडा लांब.
चहा झाला, बिस्किटं झाली.
चपला घालताना जलसुरक्षक चिंधू नेवारे,
ज्याचं मानधन मागच्या पोळ्यापासून अडकलंय,
माझ्याकडे न बघता बोलला,
"पाणी घ्याचं असन त शेवटच्या नयाचं घ्या, मॅडम.
इथचं त मीबी पितो."

शेवटचा नळ म्हणजे नाल्यापलीकडची सात घरं.
तिथवर येईतो पाण्यात जोर उरत नाही,
वर चढत नाही ते,
म्हणून माणसानेच खाली उतरायचं:
दारापुढे कंबरभर खड्डा,
खड्ड्यात नळ, नळाला तोटी नाही,
चिंधीचा बोळा.
रंभा उईके उतरली.
मी वरून बाटली दिली.
खुणेपर्यंत भरून, पदराला पुसून
तिनं ती दोन्ही हातांनी वर केली,
म्हणाली, "आता इले कोनता रोग हाय थे सांगजा."

बाटली मी घरी नेते.
कपाटात, साड्यांच्या घडीत ठेवते,
अंधार लागतो तिला, ऊब लागते.
पहिल्या रात्री काही नाही.
दुसऱ्या रात्री उठून बघितलं
तर तव्याच्या पाठीसारखी काळी.
निळ्या पैठणीवर आडवी पडलेली.

फोन आला. "विहिरीचं पानी चांगलं हाय ना?
मंग विहिरीचंच लिवा."
साहेब म्हणाले, "बघा, काही जमतंय का."
मी बाटली त्यांच्या फायलींवर ठेवली.
त्यांनी चहाचा कप जरा लांब सरकवला,
आणि सही केली.

लाल कार्ड द्यायला मीच गेले.
कुणी हात पुढे करेना.
शेवटी शिपायानं घेतलं, खुर्चीवर ठेवलं,
त्यावर कुणी बसलंही असेल नंतर.

आठ दिवसांनी पाइप उकरला.
नाल्याच्या बरोबर खाली, जोडावर
सायकलच्या ट्यूबची पट्टी, वर सुतळी,
सुतळीला गाठ, नीटस, दुहेरी,
बैलाच्या दाव्याला मारतात तशी.
सगळे त्या गाठीकडे बघत होते,
अन् चिंधू एकटा वर, आभाळाकडे.
"माहीच हाय," तो म्हणाला.
"तीन वर्सं झाले. सामान मांगतलं होतं."

त्याला काय म्हणावं मला सुचलं नाही.
माझ्या वह्यांत त्या तीन वर्षांचे सोमवार आहेत,
बोरखडी, बोरखडी, बोरखडी,
प्रत्येकापुढे तोच शब्द, खाली माझी सही.
गाठ तर माझीही होती.

नवीन जोड बसला. खड्डे अजून आहेत.
चिंधूचं मानधन पुढच्या सभेत घेऊ म्हणतात.

या सोमवारी बोरखडीचा कागद झेरॉक्स नाही.
हातानं लिहिलाय, शाई पसरलेली,
निरंकचा नि दीर्घ.
खाली, जिथे रकाना नाही अशा जागी:
शेवटचा नळ, सकाळी सात, रंग पिवळा.
नंतर खोडून: फिका पिवळा.

दीर्घ नी मी तसाच ठेवला.